मे आय हेल्प यू

आबा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, आणि या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं की तुम्ही असायला हवे होतात, एक कानाखाली वाजवायला. मी कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाला एका मुलीवरून एकाची कॉलर धरली, प्राचार्यांसमोर परत धरली, तिथंच शिक्षण संपलं. ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही. आता मी नंदुरबारला एका दवाखान्याच्या दारातल्या टेबलावर बसतो, छातीवर बिल्ला लावून. रोज सकाळी मॅनेजर आम्हाला रांगेत उभं करून घोकून घेतो: मे आय हेल्प यू, हाऊ कॅन आय असिस्ट यू, लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग. शिसारी आलीय या वाक्यांची. गरज लागली तर कळवा म्हणे! पडणारा माणूस कळवून पडतो का? तोंडात साखर आणि बूड खुर्चीला, दुसरं काही नाही त्यात.

मंगळवारी तीच मुलगी आली. खांडबाऱ्याहून आईला घेऊन. आईचा पाय सुजून हा एवढा, सगळा भार हिच्या खांद्यावर, आणि समोर तीन पायऱ्या. मी उठलो, पण टेबलामागंच उभा राहिलो. "मॅम, मे आय हेल्प यू?"

तिनं बिल्ल्याकडं पाहिलं. "नो, थँक यू."

"काय म्हनस तो?" आईनं विचारलं.

"काही नही माय. डुटीवर शे तो."

मागून रिक्षावाला आला, काही न विचारता आईला काखेत धरून वर घेऊन आला आणि माझ्यावर खेकसला, "ओ साहेब, खुर्ची तरी सरकाव!"

तुमचा तो दिवस आठवला. मी आठवीत आहे, मिरची वाळवायच्या पथारीवर चहूकडं लाल वाळवण, आपण दोघं शिंकतोय. एक बाई एकटीच भरलेली टोपली डोक्यावर घ्यायला बघतेय. मी विचारतो, "मावशी, हात लाऊ का?" ती म्हणते, "ऱ्हाऊ दे." मी सुटलो म्हणून उभा. तुम्ही येता, टोपली चढवून देता आणि माझ्या डोक्यात टपली मारता. "जेन्हावर वझं शे, तो हां म्हनत नही. इचारू नको, हात लाव."

हे पत्र कुठं टाकणार? बिल्ल्यासोबत खिशात ठेवतो. मॅनेजरला मी दिवसभर शिव्या घालतो, पण आबा, मंगळवारचं ते वाक्य सवयीनं नव्हतं निघालं. मला आता इंग्रजी येतं, हे तिला ऐकवायचं होतं.