उजवा खांदा आणि एकोणीस बायका

रवि. ५ जाने.
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आज महिना झाला. वेणी यांनी घातली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, पण तीन पेड सारखे निघत नाहीत. चर्चमध्ये महिलामंडळाच्या पुष्पानं विचारलं, "सिस्टर, पडलात का कुटं?"
पाळकसाहेबांचा उपदेश: दाबून ठेवलेलं पाप अंगात दुखणं होऊन बसतं. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याकडे जाऊन कबूल करा, मग एकमेकांसाठी प्रार्थना करा, बरं वाटेल. हे सांगताना नजर माझ्यावर. नर्सला शिकवतात! साठीची बाई, अंगात साखर, वर नोकरीभर लसीची पेटी याच खांद्यावर. आखडायला पाप कशाला लागतं?

मंगळ. ७ जाने.
यांनी उपदेश फारच मनावर घेतला. सकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मला एक कबूल करायचंय." निघालं काय, तर "टायरमध्ये हवा भरून येतो" म्हणून जायचे ते देवगाव फाट्यावर भजी खायला. इतकी वर्षं. मला माहीत होतंच. हवा भरून आलेल्या माणसाचा रुमाल तेलकट कसा?
कबूल करून मोकळे झाले, अन् वर दीड भाकरी जास्त खाल्ली. मग म्हणाले, "आता तू."
"मला काही नाही."
"आठव."
म्हटलं, बरं, तुमच्या चहात दोन वर्षं साखर घालत नाही, नुसता चमचा फिरवते. फार लागलं त्यांना. दिवसभर बोलले नाहीत. कबुलीनं आमच्या घरात तरी कुणी बरं झालं नाही.

शुक्र. १० जाने.
महिलामंडळाची प्रार्थनासभा, पुष्पाकडे. साथ पसरलीय कबुलीची. एकीनं रडत सांगितलं, नाताळच्या करंज्या परभणीहून विकत आणल्या होत्या. केवढा गहजब! सगळ्यांनी तिला कृती विचारून घेतली होती, अन् तिनंही दिली होती.
मग माझा खांदा. पाळकसाहेब (पा. सा.) मुद्दाम आले होते. प्रार्थनेत लावायचं जैतुनाचं तेल संपलेलं, म्हणून खोबरेल, ते थंडीनं गोठलेलं. एक गीत संपेपर्यंत बाटली काखेत धरून उभे राहिले. तेल लावलं, मनापासून प्रार्थना केली. मग बायका, "वर करा सिस्टर, वर, अजून वर!" हात खांद्यापाशीच. पुष्पा म्हणाली, काही राहिलंय का कबूल करायचं? म्हटलं, लहानपणी मिशनच्या बागेतले पेरू चोरले होते. परत तेल. परत "वर!" नाहीच.
सलोमी दाराजवळ बसली होती. तिनं 'आमेन' म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

रवि. १२ जाने.
लिहायचंच तर नीट लिहावं.
सलोमी माझ्या लग्नापासूनची मैत्रीण. दोन घरं सोडून राहते. तिचे मालक प्रभाकरदाजी चर्चमध्ये दर रविवारी शास्त्रवाचन करायचे, आवाज असा की मागच्या बाकावरचे झोपलेले उठून बसत. दोन वर्षांपूर्वी स. माझ्या ओट्यावर तूर निवडत होती. मान खाली घालून म्हणाली, "हे पुन्ना प्यायलेत. कुनाला बोलू नको. निस्ती प्रार्थना कर." मग बाकीचंही सांगितलं.
मी केली. त्याच शुक्रवारी, सभेत, मोठ्यानं. नावासकट. कधीपासून, किती. प्रभूला माहीत असतं बाटली कुठं असते, तरी मी सांगितलं: ज्वारीच्या कणगीत. एकोणीस बायकांनी आमेन म्हटलं. दिवस मावळायच्या आत सगळ्या आळीला कणगी माहीत. चर्चच्या पंचांनी दाजींचं वाचन काढून घेतलं. दाजींनी चर्च सोडलं. स. माझ्याशी बोलायची थांबली.
पुढं दाजींनी दारूही सोडली म्हणे, आपली आपण.
दोन वर्षं मी यांना एकच सांगत आलेय: मी देवाला सांगितलं, बायका ऐकत बसल्या तर माझा काय दोष? बोलताना बरोबर वाटतं. आज कागदावर उतरवलं तर वाचवत नाही.

मंगळ. १४ जाने.
शेजारच्या देशपांडेवहिनी तिळगूळ देऊन गेल्या, गोड बोला म्हणाल्या. यांनी बिनसाखरेच्या चहाचं भांडण त्यांच्यासमोर पुन्हा काढलं.
पा. सा.कडे गेले. म्हटलं, सलोमीचं जे झालं ते मी शुक्रवारी सभेत सगळ्यांसमोर कबूल करते.
हात जोडले त्यांनी. "सिस्टर, सभेत नको. सभेतच तर झालं ते. घरी जा तिच्या."
"तुम्हाला कुणी सांगितलं सभेतलं? तुम्ही तेव्हा इथं नव्हता."
"मी बदलून आलो त्याच आठवड्यात तीन बायकांनी दाजींसाठी प्रार्थना करायला सांगितलं. सविस्तर."

गुरु. १६ जाने.
गेले. दारात दाजी. सलाम झाला. "या सिस्टर, काय काम काढलं?"
हातात पिशवी, पिशवीत बी.पी.चं मशीन, सवयीनं घेतलेलं. म्हटलं, "सहज. बी.पी. बघावं तुमचं."
बघितलं. उत्तम. स. आत भांडी घासत होती, गरजेपेक्षा जास्त जोरात. चहा विचारला नाही. आले परत. मरणाची भित्री निघाले मी. रात्री-अपरात्री बाळंतपणं केलेली बाई!

शनि. १८ जाने.
पुन्हा गेले. पुन्हा दाजीच दारात, पुन्हा मशीन. या वेळी दाजींचा चेहरा उतरला. "परवाच तर पाहिलं की. काही निघालं का त्यात?"
"नाही हो, छान आहे."
"मग दुसऱ्यांदा का बघायल्यात?"
मी पट्टा बांधला. आकडा बघितला तर चांगलाच चढलेला. माझ्यामुळेच. मी "हं" म्हणाले. नर्सनं "हं" कधी म्हणू नये, हे मी स्वतः नव्या पोरींना शिकवलंय.

रवि. १९ जाने.
चर्च सुटल्यावर स. थेट आमच्या दारात. दोन वर्षांत पहिल्यांदा. पदर खोचलेला.
"ह्यांना काय झालंय? कालपासून जेवले न्हाईत. जमिनीचे कागद काढून बसलेत. खरं सांग. मला सांग, सभेत नको सांगू."
आमचे हे वर्तमानपत्र घेऊन मागच्या दारानं अंगणात. शहाणे आहेत तेवढे.
म्हटलं, दाजींना काहीही झालेलं नाही. मी तुझ्याशी बोलायला आले होते, धीर झाला नाही, म्हणून मशीन काढलं. दोन्ही वेळा.
ती धपकन खाली बसली. आधी हसली का रडली, कळलं नाही. मग म्हणाली, "बोल मग."
बोलले. मी देवाला नव्हतं सांगितलं, बायकांना सांगितलं, देवाचं नाव पुढं करून. आतली बातमी माझ्याकडे आहे याची मला त्या दिवशी ऐट वाटत होती. चुकले.
"हे मला तवाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुला आज कळालं." मग, "एक विचारू? प्रार्थना कर म्हनले होते तुला. केलीस का एकदा तरी? एकटीनं?"
केली नव्हती. त्या शुक्रवारनंतर एकदाही नाही. तसं सांगितलं.
ती उठून गेली. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

शुक्र. २४ जाने.
रोज सकाळी दाजींसाठी प्रार्थना, मनातल्या मनात. फार अवघड. तोंड बंद ठेवून दोन मिनिटं झाली की कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागते. पण करते.
आज सभेत प्रार्थनेची माझी पाळी आली. म्हटलं, आज मुक्यानं. कुजबुज सुरू. पुष्पाला वाटलं घसा गेला. सगळ्यांनी उभं राहून माझ्या घशासाठी प्रार्थना केली.

बुध. २९ जाने.
बोटांनी भिंत चढायचा व्यायाम रोज. सगळ्या जगाला शिकवला, स्वतः कधी केला नाही (हेही कबूल). हात कानापर्यंत येतोय. हे म्हणतात तेलानं, पुष्पा म्हणते पेरूंच्या कबुलीनं. मी वाद घालत नाही. पण झोप लागायलीय, तीही त्याच कुशीवर.
दाजी रस्त्यात दिसले. मला पाहून हात मागे लपवले. म्हटलं, आज मशीन नाही. हसले. रविवारी चर्चला येणार का, विचारावंसं वाटलं, नाही विचारलं.

रवि. २ फेब्रु.
दुपारी स. आली. हे बाहेरून येत होते, तिला ओट्यावर पाहिलं अन् "टायरमध्ये हवा..." म्हणत परत फिरले.
पाणी दिलं. प्यायली. माफ केलंस का, असं विचारायचं फार मनात होतं. गप्प बसले. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, नेमका दुखऱ्या जागी, अन् दोन वाक्यांची प्रार्थना केली. मला रडू आलं. थोडं दुखण्याचं, बाकीचं तिच्यामुळं.
मग म्हणाली, "मलाबी एक सांगायचंय. लय दिवसांचं हाय. माझंच हाय, त्यांचं न्हाई."
तासभर सांगत होती. शेवटी आम्ही दोघींनी डोळे मिटले. कुणी काही मोठ्यानं बोललं नाही.
संध्याकाळी यांनी तीनदा विचारलं, काय म्हणाली? मी वेलदोडे घातलेला चहा दिला, खऱ्या साखरेचा, पण सांगितलं नाही.
तिनं जे सांगितलं ते इथंही लिहीत नाही.