लेथ मशिन खंडेनवमीपूर्वी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्मिक व्यवस्थापक,
कार्मिक विभाग, पहिला मजला,
आपला कारखाना, सातपूर, नाशिक.

अर्जदार : शेखर बहिरू बेंडकुळे, लेथ ऑपरेटर (सध्या बाकावर)
दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

विषय : अर्जदाराचे लेथ मशिन परत मिळणेबाबत व चालू असलेली मदत कमी करणेबाबत.

संदर्भ : १) मानसिक आरोग्य सप्ताहातील ‘मन मोकळे करा’ हे व्याख्यान.
२) सदर व्याख्यानावर अर्जदाराने ठेवलेला विश्वास.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. सदर अर्जदार लग्नाआधीपासून आपल्या कारखान्यात लेथवर काम करीत आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्याचे चित्त थाऱ्यावर राहीनासे झाले. झोप उडाली, जेवण शिक्षेसारखे वाटू लागले आणि मुलगी वेदिका हिने हाक मारली तरी ओ देण्याचे बळ उरले नाही. एके सकाळी द्वारका चौकात सिग्नल हिरवा झाला आणि अर्जदारास गाडी पुढे नेता येईना. सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागील वाहनचालकांनी अर्जदाराच्या आईवडिलांची मनसोक्त विचारपूस केली. शेजारच्या मशिनवरील सहकारी श्री. मुझफ्फर मागून येत होते. त्यांनी अर्जदाराची गाडी कडेला घेतली, चहा पाजला आणि काय झाले असे एकदाही विचारले नाही. अर्जदार त्या टपरीवर ढसाढसा रडला, हे येथे मुद्दाम नमूद करण्यात येते.

२. त्यानंतर पत्नी सौ. स्नेहल यांनी अर्जदारास मानसोपचार तज्ज्ञांकडे नेले. आत्या चतुराबाई लिंबू उतरवण्यासाठी इगतपुरीहून आल्या. लिंबाचा गुण आला किंवा कसे, हे अर्जदार सांगू शकत नाही. परंतु त्या आठवडाभर राहिल्या आणि “दोन घास खा रं, मंग झोप” म्हणत शेजारी बसून राहिल्या, त्याचा नक्की आला. औषधे आजही चालू आहेत. दर शनिवारी, म्हणजे आपल्या सुट्टीच्या दिवशी, अर्जदार अशाच दुखण्यातून जाणाऱ्या लोकांच्या बैठकीस जातो. तेथे कोणी टाळ्या वाजवीत नाही, हे तेथील मुख्य सुख होय. आजारपणाची थोडी रजा सोडता या संपूर्ण काळात अर्जदाराचे मशिन चालू होते व त्याचा एकही जॉब नापास झालेला नाही. टूल धातूला नीट लागले की जो एकसारखा आवाज येतो, त्यात अर्जदाराचे डोके शांत होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे औषध नाही, पण ते लागू पडते.

३. यंदा आपण मानसिक आरोग्य सप्ताह साजरा केला. पुण्याहून आलेल्या व्याख्यात्या बाईंनी प्रत्येकास हसऱ्या तोंडाचा पिवळा चेंडू दिला व कारखाना हे तुमचे कुटुंबच आहे, मन मोकळे करा, असे आवाहन केले. अर्जदार भोळा. त्याने सर्वांदेखत उभे राहून मन मोकळे केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण त्यास मिठी मारली. ‘धाडसी कर्मचारी’ म्हणून त्याचा फोटो सूचना फलकावर लागला. दुसऱ्या दिवशी कुटुंबाने त्याचे मशिन काढून घेतले.

४. हलके काम म्हणून अर्जदारास गेटजवळील बाकावर बसवून पाहुण्यांना हेल्मेट देणे व परत घेणे ही जबाबदारी सोपविण्यात आली. अर्जदार लघुशंकेस गेल्यास सोबत एक मदतनीस असतो व तो दाराबाहेर घसा खाकरत उभा राहतो. तिखटाने डोके तापते, या कारणास्तव बुधवारच्या मिसळीचा रस्सा अर्जदारास देऊ नये असा लेखी आदेश कॅन्टीनला गेला आहे. (कॅन्टीनच्या लंकाबाई यांनी “साहेबांना सांगू नका, लय पातळ हाय” म्हणत तो चहाच्या ग्लासातून दिला, अशी अफवा आहे. अर्जदार ती नाकारतो.) रोज सकाळी अर्जदारास चेहऱ्यांच्या तक्त्यावर खूण करावी लागते. रडव्या चेहऱ्यावर केल्यास घरी पाठवतात, हसऱ्यावर केल्यास काहीतरी लपवतोय म्हणून समज देतात आणि मधल्यावर केल्यास खुलासा मागवतात. आगीतून फुफाट्यात, ही म्हण अर्जदारास शाळेतच समजली होती. तिचे प्रात्यक्षिक आता मिळाले.

५. याहून गंभीर बाब अशी की, प्रकृतीच्या कारणास्तव ज्याचे मशिन बदलले तो अपघातग्रस्त, असा सुरक्षा विभागाचा नियम आहे. त्यानुसार अर्जदाराने मन मोकळे केले ही घटना अपघात म्हणून नोंदली गेली आणि गेटवरील ‘अपघातविरहित दिवस’ या पाटीवरचा आकडा पुसून शून्य करण्यात आला. परिणामी या आकड्यावर संपूर्ण विभागाला भेट मिळणारा दिवाळीचा कुकर बुडाला. आता सहकारी बाकासमोरून जाताना “तुझ्या डोक्यापायी आमची डाळ कच्ची राहिली” असे ऐकवतात. एरवी माणूस मशिनमध्ये हात गमावतो तेव्हा अपघात होतो. अर्जदाराच्या प्रकरणी माणूस शाबूत आहे, फक्त मशिन गेले. तरीही अपघात त्याच्याच नावावर आहे, याचा त्यास संताप येतो आणि वाईटही वाटते.

६. येत्या १ ऑक्टोबरला खंडेनवमी आहे. त्या दिवशी प्रत्येक ऑपरेटर आपापले मशिन पुसून त्याला झेंडूची माळ घालतो व नारळ वाढवतो. दुसऱ्याच्या मशिनला कोणी हात लावीत नाही. अर्जदाराने यंदा कशाची पूजा करावी, अशी विचारणा त्याने सुपरवायझरकडे केली असता, हेल्मेटची करावी, असे उत्तर मिळाले. अर्जदार कामास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला आपल्या विभागात दोनदा दिलेला असून दोन्ही प्रती सापडत नाहीत.

७. बाकाविषयी एक गोष्ट कळविणे आवश्यक वाटते. जेवणाच्या सुट्टीत तेथे एकेक जण येतो, हेल्मेटचा पट्टा सैल आहे असे सांगून बसतो आणि हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारतो. सर्व जण मेहुण्यासाठी विचारतात. सातपूरमधील मेहुण्यांची प्रकृती इतकी ढासळली असेल, याची अर्जदारास कल्पना नव्हती. तो पत्ता देतो, मेहुण्याचे नाव विचारीत नाही. गेल्या मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर आपण स्वतः त्या बाकावर येऊन बसलात आणि आपल्या एका मित्रास झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते, असे म्हणालात. मित्रास कृपया सांगावे की डॉक्टरांकडे एकट्याने जाऊ नये, अर्जदार शनिवारी मोकळा असतो. मशिन मिळो वा न मिळो, या मित्राविषयी अर्जदार कोणापाशी अवाक्षर काढणार नाही. त्याची खुर्ची त्याच्याकडेच राहिली आहे, याचा अर्जदारास मनापासून आनंद आहे. तेवढीच कृपा अर्जदाराच्या मशिनवर व्हावी, ही विनंती.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(सही)
शेखर बहिरू बेंडकुळे