द्राक्षांच्या गावी कंडक्टरीणबाई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा, कंबर साथ देईल तितका वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं कानातलं यंत्र सापडलं का? नसेल सापडलं, तर हे पत्र त्यांना वरच्या पट्टीत वाचून दाखव. मजकूर अभिमानाचा आहे, आणि अभिमानाचा मजकूर कुजबुजत वाचला की ऐकणाऱ्याला वाटतं घरात कोणी आजारी आहे.

तर आम्ही पुन्हा त्या द्राक्षांच्या गावी जाऊन आलो. मुलगी सासरी गेली त्या वर्षी घर खायला उठायचं, म्हणून पहिल्यांदा गेलो होतो, ते तुला आठवत असेल. तेव्हा तिथे एकच बाग, एक पत्र्याची शेड, आणि मालक स्वतः पेले धुऊन त्यातच वाइन ओतायचा. मी पहिल्याच घोटाला 'खोकल्यावर चांगली असेल' म्हणालो. तुझी भावजय मात्र दुपारभर मालकाच्या मागे फिरून एकेका टाकीची चौकशी करत होती. (जन्मभर बसमध्ये कंडक्टर. उतारूंना उत्तरं देऊन देऊन बिचारीची विचारायची हौस राहून गेलेली.)

आता गावाने कात टाकलीय. रस्ता रुंद झालाय, दर वळणावर नव्या वायनरीची पाटी, आणि जिथे गुरं रवंथ करत बसायची तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या. मी हिला म्हटलं, पाट्या वाचत बसू नकोस, रस्ता मला तोंडपाठ आहे. त्या तोंडपाठ रस्त्याने आम्ही भलत्याच वायनरीत शिरलो. फाटकाशी पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. जुना मालक तो हाच असं समजून मी त्यांना कडकडून मिठी मारली आणि 'ओळखलंत का?' म्हणून विचारलं. तेही भिडस्त, म्हणाले, चेहरा ओळखीचा वाटतो. मग आम्ही एकमेकांच्या मुलाबाळांची, तब्येतीची, झोपेची सविस्तर चौकशी केली. शेवटी ते म्हणाले, ट्रक रिकामा झाला, आता निघायला हवं. ते बाटल्यांची खोकी पोचवायला आलेले ट्रकचालक होते. (ही तोवर गाडीची काच वर करून दुसरीकडे बघत होती.) पण माणूस सज्जन. आपल्या ट्रकमागून चालवत त्यांनीच आम्हाला आमच्या वायनरीच्या दारात नेऊन सोडलं.

आत वेगळाच गोंधळ. दातांच्या डॉक्टरांची बसभर सहल आलेली, आणि त्यांना फिरवून माहिती देणाऱ्या बाईंचा घसा सकाळपासून बोलून पार बसलेला. मंडळी मोकाट सुटली होती. कोणी टाकीच्या शिडीवर चढून फोटो काढतंय, दोघं एकमेकांचे रंगलेले दात तपासतायत, आणि एक चष्मेवाले तर द्राक्षं आंबत ठेवलेल्या हौदावर ओणवे होऊन वास घेत होते. आता, त्या हौदावरची हवा वाईट असते. नाकात गेली की माणूस उभ्याउभ्या कोसळतो. हे हिने गेल्या वेळी विचारून ठेवलं होतं. (मी ऐकलं होतं, पण खोकल्याच्या विचारात होतो.) चष्मेवाले झुलायला लागले. फिरवणाऱ्या बाई ओरडत होत्या, पण तोंडातून नुसती फुंकर. मालक लांब होता. आणि मी, तुला खोटं कशाला सांगू, जागचा हललो नाही.

ही मात्र तीरासारखी गेली, डॉक्टरांची कॉलर धरून त्यांना मागे खेचलं, खाली बसवलं, आणि मग तिचा तो आवाज निघाला, जो मी निवृत्तीनंतर ऐकला नव्हता. "मागे सरका. सगळे मागे सरका. हौदापाशी कोणी उभं राहायचं नाही." ताई, बसभर डॉक्टर एका दमात भिंतीला टेकले. शिडीवरचेही उतरले. चष्मेवाल्यांना वाऱ्यावर नेलं, पाणी पाजलं, तोंडावर रंग आला.

पुढची फेरी हिनेच नेली. जे माहीत नव्हतं ते घसा बसलेल्या बाई कानात सांगायच्या आणि ही खणखणीत जाहीर करायची. शेवटी 'रिकामे पेले पुढे पाठवा' म्हणाली, तर पेले हातोहात, ओळीने पुढे आले. चष्मेवाल्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. मालकाने (तोच, फक्त केस गेलेत) विचारलं, "बाई, तोडणीच्या हंगामभर याल का? राहायला खोली देतो." ही क्षणभर माझ्याकडे बघून 'येते' म्हणाली. मग त्याने मला विचारलं, "आणि आपण?" मी म्हटलं, "माझं इथे काय काम? मी घर सांभाळीन." पण छाती अशी फुगली होती की परतीच्या वाटेवर गाडीचा पट्टा लागेना.

दाजींना नमस्कार. यंदाचा सगळा आशीर्वाद हिलाच दे, मला जुना पुरेल.

तुझा,
धाकटा

ता. क. घर सांभाळीन म्हणालो खरा, पण सरावासाठी काल कुकर लावला. कुकर बरा आहे, छताला रंग द्यावा लागेल. तेव्हा हंगामभर तुझ्याकडे येऊन राहू का? पत्र लिहायचं मूळ कारण तेच.

ता. क. २. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून हे गुपचूप लिहिते. यांना 'घरात पाहुणे आहेत, जागा नाही' असं कळवा. मालकांकडे मी दोघांची खोली मागून ठेवली आहे. पण आपण होऊन 'मीही येतो' म्हटल्याशिवाय हे यायचे नाहीत, बायकोच्या मागे गेले असं नको ना व्हायला. आणि मला ते हवेत. फेरी संपली की 'कशी झाली?' विचारायला कोणीतरी लागतं, आणि वाईट झाली तरी 'उत्तम झाली' म्हणणारं माझं माणूस एवढं एकच आहे.