सुयांच्या कपाटाची किल्ली

ताईला तिच्या तापट धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? तिला हे वाचून दाखवू नकोस, उगाच घोर लावून घेईल.

तुला कामात मंद ठरवून ज्याने घरी बसवलं, त्या सुपरवायझरची परवा जिरवली. उत्पादन का घटलं ते बघायला मालकांनी बाहेरचा तज्ज्ञ आणला होता. सुपरवायझर म्हणाला, बायका नुसत्या गप्पा मारतात. मी गोड आवाजात म्हटलं, "साहेब, तासभर तुम्हीच शिवून दाखवा ना." आणि त्याला तुझ्याच मशीनवर बसवलं.

तासात चार सुया तुटल्या. सुयांच्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात आणि कपाट हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. तज्ज्ञ घड्याळ धरून त्याची प्रत्येक खेप मोजत होता. बाह्या झाल्या अकरा. याच मशीनवर तू तासाला वीस काढायचीस, हे मी मालकांना ऐकवलंच.

आता मालकांच्या हुकमाने किल्ली माझ्या ताब्यात, शेजारच्या खिळ्याला असते. माझ्यावर तो डूख धरून आहे, पण कुणासाठी सुई हवी असली की त्यालाही माझ्याकडेच यावं लागतं. मी सावकाश उठते. त्याच्या मते तू उठायचीस, अगदी तशी.

तुझी,
अजून राग न निवलेली धाकटी