कोष्टीपुऱ्याची नाली

॥ श्री ॥
कोष्टीपुरा, चिचपूर, जि. भंडारा
२४ एप्रिल २००२

चि. सौ. दामिनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जावईबापूंची बदली जवाहरनगरहून जबलपूरला झाली तेव्हा तुझी आई म्हणाली होती का एका फॅक्टरीतून दुसऱ्या फॅक्टरीत जायला एवढ्या दूर कायले जायचं. तिचं मत अजून तेच आहे. बाकी आम्ही खुशाल.

इथली बातमी म्हणजे आपल्या मोहल्ल्याचा विकास होणार आहे. सोमवारी नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि इंजिनियर साहेबांनी बाजारपेठेतल्या रहिवाशांशी संवाद साधला. म्हणजे ते दीड तास बोलले, नंतर चहा आला. बाजारापासून आपल्या गल्लीपर्यंत सिमेंटची सडक होणार आणि चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं. किराणावाले तुलाराम शेठ उठून म्हणाले का नळाला दिवसाआड पाणी येते, मंग कारंज्याले कुठून येईल. नगराध्यक्षांनी सूचनेचं स्वागत केलं. सभेत स्वागत पुष्कळ झालं.

मी एवढंच विचारलं का जुनी सडक खोदून नवी करणार, की जुनीवरच चढवणार. आपला उंबरठा आत्ताच सडकेहून दोन बोटं खाली आहे, आणि आपला हातमाग तर त्याच्याही खाली, पाय सोडायच्या खड्ड्यात. इंजिनियर म्हणाले, ती तांत्रिक बाब आहे. टेकचंद मागच्या रांगेत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंही पाहिलं नाही, असं तुलाराम शेठ सांगत होते.

जावईबापूंना नमस्कार. तिकडच्या आंब्याला चव नसली तरी पत्रात तसं लिहू नये, आईला फार आनंद होतो.
तुझा,
बाबा

जबलपूर
९ मे २००२

तीर्थरूप बाबांस,
दामिनीचा शि. सा. नमस्कार.

विणकर सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही एका मतानं पडलात आणि ते मत टेकचंदकाकांचंच होतं असं तुम्हाला वाटतं, याला आता अकरा वर्षं झाली. बाबा, लहानपणी तुम्ही दोघं एकाच मागावर शिकलात. निदान सभेत तरी एका रांगेत बसा.

तुमची तांत्रिक बाब मी यांना सांगितली. यांनी लगेच कागदावर सडक, उंबरठा आणि मागाचा खड्डा काढला. सडक दीड वीत चढली तर पाणी कुठं जाईल, ते बाणानं दाखवलं. बाणाचं टोक तुमच्या पायांशी येतं. हे म्हणतात, तोंडी विचारू नका. मोजमाप लिहून अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दुसरं म्हणजे रिताचं, माझ्या नणंदेचं, लग्न जमलं. मार्गशीर्षात आहे. करवती काठाचं कोसा रेशमाचं लुगडं आपल्या व्याह्यांच्या मागावरचं येणार, असं सासूबाईंनी शेजारीपाजारी, भाजीवाल्यालासुद्धा सांगून टाकलंय. तुम्हाला न विचारता. मी तरी काय करू?

आईच्या खांद्याला तेल लावत जा. माया आहेच, ती कळवायला पत्र तेवढं धाडा.
तुमची,
दामिनी

कोष्टीपुरा, चिचपूर
११ जुलै २००२

चि. सौ. दामिनी हिस अनेक आशीर्वाद.

सडक झाली. खोदली नाही, चढवली. जावईबापूंचा अंदाज बरोबर निघाला, पुरी दीड वीत. त्यांना अभिनंदन कळव.

पाणी जायला नाली काढून द्या, असा अर्ज दिला. आवक क्रमांक ४१७. नालीचा जुना नकाशा पाहायचा म्हटलं, तर बाबू म्हणाले का गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा एक गाठोडं चुकून तिकडे गेलं, त्यात असेल. गाठोडं परत मागवण्याचा वेगळा अर्ज आहे. तोही दिला. दुसऱ्या सभेत आपली नाली विषयपत्रिकेवर अकराव्या क्रमांकावर होती. सहाव्या विषयानंतर नगराध्यक्षांना एका लग्नाला जायचं होतं.

कारंज्याचं उद्घाटन टँकर आणून झालं. फार छान उडालं. दुसऱ्या दिवसापासून बंद आहे.

पाऊस बरा आहे. माग ठीक आहे. लुगड्याची काळजी नसावी.
तुमच्या सर्वांवर जीव असणारा,
बाबा

कोष्टीपुरा
३० जुलै

दामिनीले आईचा आशीर्वाद.

हे पत्र तुह्या बाबाले न सांगता लिवून राहिली. ते नगरपरिषदेत गेले आहेत. रोजच जातेत.

माग ठीक नाही. आदरा नक्षत्रातच पाणी उंबऱ्यावरून आत आलं. खड्डा काठोकाठ भरला, पाय मारायच्या पावड्या तरंगून राहिल्या होत्या. ताण्याच्या उभ्या धाग्यायले बुरशी धरली. रिताचं लुगडं अर्ध्याच्या वर झालं होतं. तुह्या बाबानं मले म्हटलं का तू जरा मनकर्णाबाईकडून विरजण घेऊन ये. मी आली तवा त्याईनं ते कापून ठेवलं होतं. विरजण घरी होतंच.

आता सकाळी बादलीनं पाणी उपसतेत, आंघोळ करतेत अन् मागाजवळ नुसते बसतेत. मी म्हटलं, दामिनीले लिवा. तर म्हणे, तिले लिवून पाणी का जबलपूरले जाते?

मनकर्णाबाईच्या घरातबी पाणी आहे, आपल्या रांगेतल्या चौदाही घरात आहे. पुढच्या सभेले आम्ही बाया जाणार आहो. मले बोलता येत नाही, पण बसता येते.

तू त्यायले असं दाखवजो नोको का तुले मालूम आहे. पोटभर जेवत जाय.
आई

जबलपूर
८ ऑगस्ट २००२

तीर्थरूप बाबांस,
दामिनीचा शि. सा. नमस्कार.

आईचं मला कोणतंही पत्र आलेलं नाही, हे आधीच सांगते.

लुगडं झालं नाही तर दुकानातून घेऊ, असं मी रिताला सहज म्हटलं. ती म्हणाली का तुमच्या हातचं होणार असेल तर लग्नाच्या दिवशीही चालेल, नाहीतर ती साधीच साडी नेसेल. तिनं हट्ट केला नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

हे एक सुचवतात. तुम्ही सभेला जाता, त्यापेक्षा एकदा सभाच घरी आणा. आणि ते नाही जमलं तर तुम्ही दोघं इकडे या. वरठीला गाडीत बसा, आम्ही स्टेशनवर उभे राहू. खरं तेवढं लिहीत जा, बाबा. खोटं लिहिताना तुमचं अक्षर फार सुबक येतं.
लेकीचा हक्क सांगणारी,
दामिनी

कोष्टीपुरा, चिचपूर
२ सप्टेंबर २००२

चि. सौ. दामिनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र तुला आलेलं नाही, हे कळलं.

लुगडं मी कापलं. ओला ताणा पुढे विणला असता तर काठ लग्नातच सुटला असता. हे तुला लिहिण्यापेक्षा सडकेचं लिहिणं सोपं होतं.

आता घडलेलं लिहितो. तिसऱ्या सभेला चौदा बाया जाऊन पुढच्या खुर्च्यांवर बसल्या. त्या खुर्च्या सन्माननीय सदस्यांच्या होत्या. मनकर्णाबाईंनी सांगितलं का अकरावा विषय पहिला घ्या, नाहीतर आम्ही सहा विषय ऐकतो, आम्हाला लग्नाला जायचं नाही. दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि इंजिनियर आपल्या घरी आले. सोबत अर्धा मोहल्ला. तुझ्या आईनं इंजिनियर साहेबांना विनंती केली का साहेब, मागावर बसून पाहा. त्यांनी बूट काढले, पँट वर केली आणि खड्ड्यात पाय सोडले. पाणी गुडघ्याला लागलं. ती म्हणाली का चहा ठेवते, तोवर उठू नका. त्या दिवशी चहाला वेळ लागला.

चहा होईपर्यंत मार्ग निघाला. कोपऱ्यावरून नाली मागच्या गल्लीत वळवायची, आठ दिवसांत काम होते. टाळ्या झाल्या. अर्जदार म्हणून माझी सही हवी होती. पेन हातात दिला.

मागची गल्ली उताराची आहे. तिथं पहिलं घर टेकचंदचं, त्याचाही माग खड्ड्याचा. तो दारात उभा होता. काही बोलला नाही. बोलला असता तर कदाचित मी सही केली असती.

मी म्हटलं का हे पाणी माझ्या खड्ड्यातून काढून दुसऱ्याच्या खड्ड्यात टाकायचं आहे, याला नाली म्हणत नाहीत. नाली सरळ चौकातून मोठ्या नाल्यात न्या. त्यासाठी नवी सडक आणि कारंजं फोडावं लागते. नगराध्यक्ष म्हणाले, मग पुढच्या वर्षी पाहू. आणि गेले.

आता रांगेतले लोक माझ्याशी कमी बोलतात. मनकर्णाबाईंनी विरजण बंद केलं. त्यांचं घर माझ्यामुळे ओलं राहिलं, त्यांना दोष कसा देऊ? तुझ्या आईनं जेवताना न मागता दोनदा भात वाढला. मी चुकलो का, ते जावईबापूंना विचारून कळव.
तुझे,
बाबा

कोष्टीपुरा, चिचपूर
२८ ऑक्टोबर २००२

चि. सौ. दामिनी हिस अनेक आशीर्वाद.

मी चुकलो नाही, असं जावईबापूंनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ते पत्र आईनं देवाजवळ ठेवलं आहे. मला वाचायला मागून घ्यावं लागते.

मागच्या पत्रानंतर चौथ्या दिवशी टेकचंद हातठेला घेऊन दारात आला. माझ्याशी बोलला नाही. तुझ्या आईला म्हणाला, वहिनी, माझा पोरगा वरठीच्या कारखान्यात लागला, उंच जोत्यावरच्या खोलीत त्याच्या मागाची जागा रिकामी आहे, कोरडी आहे, ज्याला पाहिजे त्याला सांगा. मी तिथेच उभा होतो. तिनं मला सांगितलं. मी तिला सांगितलं का बरं. मग माग सुटा करून ठेल्यावर चढवला. दोघांनी.

पुढच्या सभेत टेकचंद उठला. जन्मात सभेत बोललेला माणूस नाही. म्हणाला का अर्ज चारशे सतरावर माझंही नाव लिहा, आणि मागच्या गल्लीतल्या बावीस घरांचं. छत्तीस घरं झाली. मुख्याधिकाऱ्यांनी नगराध्यक्षांकडे पाहिलं, नगराध्यक्षांनी येत्या निवडणुकीकडे. चौक फोडून नाली मोठ्या नाल्यात नेण्याचं मंजूर झालं. काम दिवाळीनंतर आहे. चुन्याची रेघ मारून गेले आहेत, ती मी आणि तुलाराम शेठ रोज पाहून येतो. मनकर्णाबाईंनी काल विरजण पाठवलं, वाटी परत मागितली.

रिताचं लुगडं नव्यानं मागावर घातलं आहे. करवती काठाला तीन धोटे फेकावे लागतात, एकट्यानं होत नाही. इतकी वर्षं दुसऱ्या बाजूला तुझी आई बसायची, पण आता तिचा खांदा उचलत नाही. पहिल्या दिवशी मी एकटाच खटपट करत होतो. टेकचंदनं स्वतःचं काम सोडलं आणि येऊन बाजूला बसला. तेव्हापासून रोज बसतो. हात चालतात, बोलणं नाही. तशी गरज पडत नाही.

काल पदराजवळ काठाचा धागा तुटला. माझा हात पुढे चालला होता. टेकचंद म्हणाला, थांब.

मी थांबलो. त्यानं गाठ मारली.

लुगडं लग्नाच्या आधी आठ दिवस पोचेल. घेऊन मी आणि तुझी आई, दोघंच येऊ. टेकचंदला विचारलं नाही, पण तुमच्याकडे अंथरूण एक जास्त असू द्यावं.
तुमचाच,
बाबा