तुम्ही जिंकलेली शर्यत

बाई, तुम्ही गेलात त्याला एकतीस वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाच्या होतात त्याहून मी आता मोठी आहे. गुडघे धरतात, जिना चढताना कठड्याला हात लावावा लागतो. तरी तुम्हाला लिहायला बसले की मी एकोणीस वर्षांची होते आणि पदर सारखा करते. सोलापूरच्या मुन्शिपालटीच्या प्रसूतिगृहात मी तुमच्या हाताखाली शिकाऊ सुईण म्हणून आले, तेव्हा कचेरीतल्या कारकुनाच्या मुलीनं असलं काम करू नये असं वडिलांना वाटत होतं, आणि निदान स्वतःच्या पायावर उभी राहील असं आईला. तुम्ही पहिल्या दिवशी एवढंच विचारलंत, "सायकल येती का?" मी नाही म्हटलं. "मग बाळंतिणीनं तुझी वाट बघत बसायचं व्हय?" त्याच दिवशी संध्याकाळी मागच्या पटांगणात तुम्ही मला तुमच्या त्या जड, काळ्या सायकलवर बसवलंत. "हँडलाकडं काय बघतीस? लांब बघ की." दुसऱ्यांना शिकवणारे धरलंय धरलंय म्हणत गुपचूप सोडून देतात. तुम्ही तसं केलं नाहीत. "आता सोडती बघ," असं सांगून सोडलंत. मी पडले. दुसऱ्या वेळीही सांगूनच सोडलंत.

त्यानंतर दोन वर्षं मी तुमच्या मागून सायकल चालवली. गिरणीच्या चाळी, विणकरांच्या गल्ल्या, मागांचा खटखटाट, दोरीवर वाळत घातलेलं रंगीत सूत. तुम्ही नातेपुत्याच्या, पण विणकरांच्या घरात शिरताना "भयपडकु, अम्मा", घाबरू नको बाई, असं त्यांच्याच बोलीत म्हणायचात, आणि आतली घाबरलेली बाळंतीण पोर तेलुगूत काहीबाही सांगत तुमचा हात घट्ट धरायची. नऊवारीचा कासोटा घट्ट खोचून तुम्ही पुढं, मागच्या कॅरिअरवर औजारांची पेटी, आणि तुमची पाठ कधी डाव्या गल्लीत वळेल त्याच्यावर डोळा ठेवून मी मागं. रस्ता मी पाहतच नसे. तुमची पाठ पाहत असे.

त्यातल्या पहिल्याच वर्षी थंडी सरत आलेली असताना शहरातल्या बायकांच्या एका मंडळानं हौशी बायकांसाठी सायकलच्या शर्यती ठरवल्या. शनिवारी किल्ल्याजवळच्या मैदानावर फेऱ्या, आणि त्यातून निवडलेल्या सहाजणींची रविवारी सकाळी अक्कलकोटच्या रस्त्यावर मोठी शर्यत. दोन मैल जायचं आणि परत यायचं. तुम्ही दोघींची नावं देऊन आलात आणि मग मला सांगितलंत. नऊजणी होतो आपण. मिशनच्या शाळेतल्या दोन शिक्षिका, एका डॉक्टरांची मुलगी, बाकीच्या कॉलेजात शिकायला म्हणून पुण्याला गेलेल्या आणि सुट्टीत आलेल्या. दोरीपलीकडं पुरुषांची गर्दी. पहिल्या फेरीला ते हसत होते, तिसऱ्या फेरीला हसायचे थांबले. मी पहिली आले, चांगलं अर्ध्या मैदानाचं अंतर ठेवून. तुम्ही तिसऱ्या आलात.

संध्याकाळी तुमच्या खोलीत जेवायला बसवलंत. तुम्ही भाकरी थापताय, मी खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटतेय. तव्यावरची भाकरी उलटत तुम्ही माझ्याकडं न बघता बोलायला लागता. "माझे भाऊ माळावर पळायचे. मी त्यांच्या म्होरं जायची. आईनं बघितलं आन् मला घरात बसवलं. पोरीनं म्होरं जाऊ न्हाय म्हणं. मग लगीन झालं, मग ते गेले, मग हितं आले. पैली अशी कदी आलेच न्हाय कशात. उद्या एकदा यायचं हाय." आणि लगेच म्हणालात, "हसू नको." मी म्हटलं, "हसत नाही, बाई." "आन् तू आजच्यावानीच ये. जोरात." तुमच्या कपाळावर पीठ लागलं होतं. इतक्या दिवसांत तुम्ही तुमच्याबद्दल पहिल्यांदाच काही सांगितलंत, आणि ते मला सांगितलंत, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की चटणीत मीठ घालायचं राहून गेलं.

रविवारी जाताना मी पुढं होते. दुसऱ्या मैलाच्या दगडाला वळसा घातला आणि वारा एकदम समोरून आला. खडीचा रस्ता, पांढरी धूळ, डोळे उघडत नव्हते. शिक्षिका मागं पडल्या, डॉक्टरांच्या मुलीची साडी चाकात गेली, आणि मग मला माझ्या मागं तुमचा श्वास ऐकू आला. कळा देणाऱ्या बाईला तुम्ही जसा मोजून श्वास घ्यायला लावायचात तसा तुम्ही स्वतः घेत होतात. हँडलवर वाकून तुम्ही माझ्या शेजारी आलात, मग पुढं गेलात. मी सीटवरून उठून पायडल मारलं. मांड्यांना गोळे आले. अजून जोर लावला. तुमची पाठ जवळ येईना. शेवटच्या शंभर पावलांवर माझ्यातलं सगळं संपलं, पाय थांबले, आणि पडू नये म्हणून मी ब्रेकवर बोटं टेकवली. तुम्ही फक्की टाकलेली रेघ ओलांडलीत आणि मागं वळून पाहिलंत.

चिंचेखाली पाणी पिताना तुम्ही जवळ आलात. चेहरा लाल होता, पण त्यावर आनंद नव्हता. "ब्रेकवर बोटं होती तुजी," असं हळू म्हणालात. मी तोंडावर पाणी मारलं. "काल मी बोलले म्हणून?" मी खाली पाहिलं. "माझी कीव केलीस व्हय?" मी फक्त नाही एवढंच म्हणायला हवं होतं, बाई. पण भोवती शर्यतीतल्या बाकीच्या चौघी उभ्या होत्या. तुमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आणि त्या माझ्याकडं अशा बघत होत्या की आपल्या बाईंसाठी हिनं शर्यत सोडली, केवढं मोठं मन. हरलेल्या मुलीकडं कोणी असं बघत नाही. मला ते बघणं गोड लागलं आणि मी गप्प राहिले. बक्षिसाची चांदीची वाटी तुम्ही संध्याकाळी माझ्या हातात ठेवलीत. "तुजी हाय. मला नको." मी घेतली.

तुम्ही माझ्यावर राग धरला नाहीत. शिकवण्यात काही कमी केलं नाहीत. उलट्या बाळाला हातानं कसं वळवायचं हे तुम्ही मला त्यानंतरच शिकवलंत. पण जेवायला पुन्हा बोलावलं नाहीत, आणि नातेपुत्याचं नाव पुन्हा तुमच्या तोंडून निघालं नाही. पुढच्या वर्षी शर्यती आल्या तेव्हा म्हणालात, "माजं वय झालं आता." मी पहिली आले आणि तुम्ही दोरीजवळ उभ्या राहून टाळ्या वाजवल्यात. त्या ऐकत मी सायकलवरून उतरले आणि मंडपामागं जाऊन रडले.

मग तुमची टेंभुर्णीच्या दवाखान्यात बदली झाली. मी एकदा आले होते, आठवत असेल. ओसरीवर तुम्ही चहा दिलात. ठरवून आले होते, सुरुवातही केली. "बाई, ती शर्यत..." तुम्ही हात हलवलात. "जाऊ दे की. ल्हान होतीस. मायेपोटी केलंस." जे मी केलं नव्हतं त्याची तुम्ही मला माफी दिलीत, आणि मी ती चहाबरोबर घेऊन परत सोलापूरला आले. पुढच्या वर्षी विषमज्वरानं तुम्ही गेल्याचं कार्ड आलं.

नोकरी संपेपर्यंत मी कितीतरी मुलींना सायकल शिकवली. सोडायच्या आधी सांगून सोडलं. अजून कधी अक्कलकोटकडं मोटारनं जाणं झालं की मी खिडकीतून पुढच्या रस्त्याकडं बघत राहते. वाटतं, धुळीत एक नऊवारीतली पाठ दिसेल, वाकलेली, जोरात जाणारी, आणि मी ओरडून सांगेन की बाई, मागं बघू नका, मी सगळा जोर लावते आहे आणि तरीही तुम्ही पुढं आहात. तुमची ती एकच शर्यत होती. ती तुम्ही जिंकली होतीत.

हे कुठं पाठवायचं नाही हे मला कळतं. तरीसुद्धा या पत्राचा पहिला कागद मी सकाळी फाडून टाकला. त्यावर मी लिहिलं होतं की त्या रविवारी माझ्या अंगात ताप होता, म्हणून मी मागं पडले. ताप नव्हता, बाई.