जिन्याखालच्या कोठडीची किल्ली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा किल्ल्या बनवणे व अडकलेली कुलपे उघडणे, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला, आणि देताना म्हणाल्या, "तुमचं डोकं जरा जास्तच ठिकाणावर आहे." माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणणारे आहेत, पण ते माडीवर राहतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांनी बजावले होते, "कोणाला काय, एवढंच लिहा, बाई. का ते लिहू नका." पण कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या की कारण न सांगता दिलेली वस्तू म्हणजे फेकलेली वस्तू. तेव्हा का, तेही लिहिते. सिस्टर असेही सांगायच्या की वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यावा, उसासा देऊ नये. तेवढे पाळायचा प्रयत्न करीन.

१. घर. बाबांच्या मागे घर आणि कुलपांचे दुकान माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, आणि माझ्या नावे निम्मे निम्मे झाले. माडी आणि पुढची बाजू दादाची. मागच्या दोन खोल्या, अंगण आणि जिन्याखालची कोठडी माझी. हा माझा सगळा हिस्सा मी दादाच्या मुलीला, जिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो तिला, देते. अट एकच. मागच्या खोलीला दार बसवू नये. चौकट आहे, बिजागऱ्यांच्या खाचा आहेत, दार नाही, आणि ते तसेच राहावे. माझ्या भाच्याला, म्हणजे चिमणीच्या भावाला, त्या जागी शटर लावून गोदाम करायचे आहे हे मला ठाऊक आहे. भिंतींना कान असतात म्हणतात, आणि दार नसले की मला वेगळे कान लागत नाहीत.

चिमणे, तू लहान असताना मला विचारले होतेस, "आत्या, कुलूपवाल्यांच्या घरात दारच कसं नाही गं?" मी म्हटले होते, मोठी झालीस की सांगीन. आता तू शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतेस. ऐक.

तुला एक धाकटा काका होता. चौकातल्या दगडावर ज्याचे नाव कोरले आहे, तो. त्याला बंद दार सोसत नसे. कडी वाजली की त्याचा श्वास अडके, ओठ निळे पडत. आई आधीच गेली होती, बाबा दिवसभर दुकानात, म्हणून घर दादाच्या हाती. दादाला या गोष्टीची लाज वाटे. "कुलूपवाल्याच्या घरात जन्मला आणि कडी लावली की रडतो! लोक हसतात." त्यावर त्याने औषध शोधले. जिन्याखालची कोठडी. तिचे कुलूप दार ओढले की आपोआप बसते आणि आतून उघडत नाही. धाकट्याला आत घालायचे आणि रडणे थांबेपर्यंत बाहेर काढायचे नाही.

धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता, मी बारा. मी साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेतला आणि बाबांच्या भंगारातल्या कोऱ्या किल्लीवर कानस चालवली. हाताला फोड आले, पण किल्ली लागली. दार उघडले की तो आधी हसायचा आणि मग रडायचा. दादाने मला एक ठेवून दिली आणि कुलूप बदलले. मी दुसरी किल्ली केली. त्याने पुन्हा कुलूप बदलले, मी तिसरी केली. शेवटी बाबाच म्हणाले, "पुरे कर, माझं दुकान रिकामं होईल. आणि या पोरीला उद्यापासून बाकावर बसव." मी हा धंदा शिकले तो असा. लोक विचारतात, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई हातात कानस कशी धरते? अशी धरते.

पंधराव्या वर्षी धाकट्याने या खोलीचे दार स्वतःच उतरवले, अंगणात विटांवर आडवे टाकले आणि त्यावर झोपू लागला. मला म्हणाला, "दाराचा खरा उपयोग हा, ताई." ते दार अजून अंगणात आहे. तेही चिमणीला.

२. हत्यारे. माझ्या कानशी, छोट्या हातोड्या, बाकाची लोखंडी पकड आणि डाव्या खणातल्या सगळ्या जुन्या किल्ल्या दुकानातल्या कामकरी मुलीला द्याव्यात. तिचा हात हलका आहे. चिमणीने रागावू नये. तिला एकच किल्ली मिळेल, ती कोणती ते पुढे येईल.

३. भाच्याला ते नंबरी कुलूप द्यावे, जे त्याने "कुणाच्या बापालाही उघडणार नाही" म्हणून दुकानात आणले आणि जे मी गिऱ्हाइकासमोर केसांच्या आकड्याने उघडले. बाकी काही नाही. त्याचा बाप त्याला पुष्कळ देईल.

४. वहिनींना माझी काळी छत्री. ती गेली सहा वर्षे त्यांच्याकडेच आहे, तेव्हा आणून देण्याची तसदी कोणी घेऊ नये. वहिनींवर माझा राग नाही. एका माणसाबरोबर आयुष्यभर एका छताखाली राहणे किती अवघड असते हे त्यांच्याइतके मलाच माहीत आहे, आणि मी तर मागच्या बाजूला राहिले.

५. बँकेतली ठेव. ती सगळी आमच्या धाकट्याच्या पलटणीतल्या सोबत्याला, जो पोस्टाशेजारी सायकली दुरुस्त करतो आणि ज्याला सगळे एकहाती म्हणतात, त्याला द्यावी. का, तेही सांगते.

धाकटा शाळा सोडून छपरे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे लागला होता. दिवसभर कौलांवर, डोक्यावर नुसते आभाळ. खाली यायला मागत नसे. रस्त्यावरून मी जाताना दिसले की वरून ओरडे, "ताई, इथून सगळ्यांची दारं उघडी दिसतात!" मिस्त्री म्हणत, पोरगा हाताखाली राहिला तर पाच वर्षांत स्वतःची माणसे ठेवील. मग बाबा गेले, दादा घरचा कर्ता झाला, आणि समुद्रापलीकडच्या लढाईसाठी भरतीची गाडी चौकात येऊन उभी राहिली. दादा त्याला दंडाला धरून घेऊन गेला. मला म्हणाला, "तू लाडावून ठेवलंस. पलटणीत गेला की सरळ होईल. चार पुरुषांत राहील, भीती मोडेल."

निघण्याच्या आदल्या दिवशी धाकटा दुकानात माझ्या बाकाशी येऊन बसला. किल्ल्यांशी खेळत म्हणाला, "तिकडे तंबू असतात ना गं?"

"असतात."

"तंबूला दार नसतं."

"पडदा असतो."

"पडदा चालेल. पडद्याला काय, फुंकर मारली तरी उघडतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तू उगाच तोंड पाडू नकोस. जमेल मला."

तिकडे तंबू नव्हते. तिकडे जमिनीत खणलेले चर होते आणि चरांच्या भिंतीत पोखरलेली भुयारे होती. ते मला त्याने कधी कळवले नाही. बरा आहे, एवढेच कळवत असे. त्याला वीस पूर्ण झाली आणि तार आली. दादाने दुकान बंद ठेवले आणि चौकात पहिले भाषण केले. शत्रूवर चाल करून जाताना छातीवर गोळी झेलली, असे तो म्हणाला. हे त्याला कोणी सांगितले होते, ते मी त्याला अजून विचारलेले नाही. तेच भाषण तो गेली अडतीस वर्षे दरवर्षी करतो. गोळ्या वाढत जातात.

पुढच्या वर्षी एकहाती आला. दुपार होती, दुकानात दोन गिऱ्हाइके होती, दादा गल्ल्यावर होता. उजवी बाही खांद्याशी टाचलेली. त्याने माझ्याकडे पाहिले. "ताई तुम्हीच ना? तो म्हणायचा, माझ्या ताईला न उघडणारं कुलूप अजून जन्माला यायचंय."

मी त्याला स्टूल दिले. तो बसला नाही. उभ्या उभ्या सांगितले, कारण बसून सांगता आले नसते, असे त्याने मला नंतर सांगितले.

"भुयारात तो कधी यायचाच नाही, ताई. पाऊस असो, गुडघाभर चिखल असो, बाहेर चरात बसायचा. आम्ही म्हणायचो, ये की आत, मरशील गारठून. तर म्हणायचा, तुम्ही झोपा, मी उंदरांची हजेरी घेतो. पहिल्यांदा हसले सगळे. मग कुणी हसेना. कुणी ना कुणी त्याच्याजवळ जाऊन बसायचं. त्या दिवशी दुपारी तोफा सुरू झाल्या. साहेब ओरडले, सगळे आत. हुकूम तो हुकूम. तो सगळ्यांच्या शेवटी आला. तोंडाशीच बसला, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. मला म्हणाला, बोलत राहा रे, काहीही बोल. मी बोलत होतो. मग वरची माती आली. मला हाताला धरून ओढून काढलं. हात गेला, मी राहिलो. त्याच्यापर्यंत कुणी पोचायच्या आत सगळं बसलं खाली." आणि मग म्हणाला, "तो तिथंच आहे, ताई."

गल्ल्यावरून दादा म्हणाला, "म्हणजे गेला आत!" आणि माझ्याकडे वळून, चेहऱ्यावर खरोखरच आनंद घेऊन, म्हणाला, "बघ. शेवटी भीती मोडली की नाही?"

त्या दिवसानंतर मी दादाशी धंद्यापलीकडे बोललेले नाही. कानस दे, बिल दे, शटर ओढ. त्याने एकहातीला दाराशी गाठून सांगितले होते, "हे असलं बाहेर कुणाला सांगू नका. घराण्याचं नाव आहे." एकहाती म्हणाला, "मी ताईंना सांगायला आलो होतो. सांगितलं." म्हणून ही ठेव त्याला.

दगड आहे तसा राहू द्यावा. दगडाला मी काय समजावणार.

६. माझा देह. मला पुरू नये. घरातला एक माणूस मातीखाली आहे, तेवढे पुरे. जाळावे आणि राख वाऱ्यावर सोडावी, जमल्यास छपरावरून. मी गेल्यावर माझ्याविषयी कोणी भाषण करू नये. दादाने तर नाहीच.

७. दुकानातला माझा निम्मा हिस्सा. तो दादाला हवा आहे, आणि तो मी दादालाच देते. तो त्याच्या हक्काचा नाही, पण त्याने बाबांचे दुकान राखले, हे खोटे नाही. मात्र आधी त्याने एक गोष्ट करावी. जिन्याखालच्या कोठडीत जावे, दार स्वतःच्या हाताने ओढून घ्यावे आणि बसावे. किती वेळ, ते मी सांगत नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकायची नाही."

मी म्हटले, "मग अट म्हणून नका घालू. इच्छा म्हणून घाला."

"इच्छा पाळलीच पाहिजे असं नसतं."

"ते मला ठाऊक आहे. तंबूची इच्छाही कुणी पाळली नाही."

त्यांनी इच्छा म्हणून घातले आहे. म्हणजे दादा आत गेला नाही तरी दुकान त्याचेच. तो जाणार नाही असेच मला वाटते. गेलाच, तर पुढचे चिमणीसाठी.

चिमणे, माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात जी वेडीवाकडी किल्ली आहे ती काढून घे. ती त्या कोठडीची, तिसऱ्या कुलपाची. तेच कुलूप अजून तिथे आहे. तुझे बाबा आत गेले की तू बाहेर, पायरीवर बस. ते आत गप्प असतील तोवर गप्प बस. मनात म्हणायचे ते म्हण. पण त्यांनी हाक मारली, अगदी हळू मारली, तरी त्याच क्षणी उघड. त्यांना धडा शिकवायला म्हणून एक श्वाससुद्धा थांबू नकोस. आमच्या घरात तसे थांबणारा एक झाला. दुसरा नको.

आणि ते आधी हसले आणि मग रडले, तर त्यांना काही विचारू नकोस. हात धर आणि अंगणात, उघड्यावर, त्या दारावर नेऊन बसव.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचले, ते माझेच आहे, आणि खालच्या दोघांच्या देखत मी त्यावर सही करते.

सही: ताई, कुलपांच्या दुकानातली

साक्षीदार: एकहाती, सायकल दुरुस्तीवाला. सही डाव्या हाताची आहे, ती त्याचीच आहे. ज्याला ठेव मिळते त्याने साक्ष देऊ नये असे वकीलसाहेब म्हणाले. एकहाती म्हणाला, "मग ठेव नको, साक्ष राहू दे." म्हणून कलम पाचमधली ठेव आता त्याच्या मुलीच्या नावे समजावी.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई.

स्थळ: मागची खोली, दार नसलेली.
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्याशेजारी आहे तीच. चौकात दादाचे भाषण चालू आहे, इथपर्यंत ऐकू येते.